अ‍ॅनिमेची वेलांटी

“बाई, रगत कोन्त्या हाताचं घेता? ह्या हाताला माझ्या काल विळा लागलाय.”

शीतल लॅपटॉपची वायर हातात धरून तशीच उभी राहिली. आष्टीच्या सरकारी दवाखान्यामागची मिटिंगची खोली बायकांनी भरून गेली होती. कुणी भिंतीला टेकलेली, कुणी दारात, कुणी पायरीवर पदरानं वारा घेत. सगळ्यांच्या पुढे हिरव्या लुगड्यातली साठीच्या घरातली एक मावशी बोट पुढे करून उभी होती. शीतलनं मांडलेल्या चार खुर्च्या मात्र रिकाम्याच. त्या साहेब लोकांसाठी असणार असं समजून कुणी त्यांच्यावर बसलं नव्हतं.

“रक्त कशाला, मावशी?”

“आता कशाला म्हंजे? तुमीच बोर्ड लावला ना.”

बोर्ड शीतलनंच लावला होता, हे खरं. ती इथली लॅब टेक्निशियन. रक्त-लघवी तपासणाऱ्या बाई. नाशिकहून नेमणूक होऊन येऊन तिला चार महिने झाले होते. डॉक्टरांची परवानगी काढून तिनं मंगळवारी कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘अ‍ॅनिमे क्लब. रविवारी दुपारी चार वाजता. मिटिंगची खोली. कोणीही यावे.’ ती दाराबाहेर जाऊन कागद पाहून आली. ‘मे’वरची मात्रा निळ्या पेनानं खोडली होती. तिथं टपोरी वेलांटी आली होती आणि पुढे ‘या’ बसला होता. अ‍ॅनिमिया क्लब.

“मॅडम, तुमचं लिवायचं चुकल्तं,” मागून बेबीनंदा म्हणाली. ती गावातली आशाताई, मोठ्या उरकाची बाई. “घाईत ऱ्हायलं असंल. मी दुरुस्त केलं आन् गल्लोगल्ली सांगून बी आले. तपासणीला बायका येत न्हाईत म्हणून डॉक्टर मलाच बोलून राह्यले व्हते. आता बघा म्हणावं.”

शीतलला हसावं की रडावं कळेना. सकाळपासून ती कशी पिसासारखी हलकी झाली होती! स्वतः खोली झाडून घेतली, चिवडा केला, आणि त्या गडबडीत दुपारचं जेवण राहूनच गेलं. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका. कोर्स करायला ती पहिल्यांदा घर सोडून होस्टेलला आली, तेव्हा रात्रंदिवस रडायची. खोलीतल्या मीनानं एका रविवारी तिला जवळ बसवून सायोची मालिका लावून दिली. सायो म्हणजे नाव वल्हवणारी एक मुलगी. पुरात वाहून गेलेल्या धाकट्या भावाला शोधत ती घाटाघाटाला दिवे लावत जाते. तेव्हापासून दर रविवारी त्या दोघी, मग चौघी, मग टेरेसवरच्या खोलीत दहाजणं. नऊ वर्षं मालिका चालली, पण शीतलनं तिचा एकही भाग एकटीनं पाहिला नव्हता. आणि येत्या शनिवारी शेवटचा भाग येणार होता.

व्हिडिओ कॉलवरून नाशिकबरोबर बघायचं तिनं करून पाहिलं होतं. तिकडे सगळे हसायचे आणि इकडे सायो वल्हं उचलून गोठलेली असायची. हसणं ऐकून घ्यायचं आणि मागून विनोद बघायचा, असला तो प्रकार. शेवट असा बघायचा नव्हता. इथं, या मुलखात, एक तरी माणूस असेल, एवढ्या आशेवर तिनं कागद चिकटवला होता.

पण दारात आलेल्या बायकांना माघारी कसं पाठवायचं? कामधंदा टाकून आल्या होत्या. शीतलनं लॅपटॉप मिटला, लॅबमधून सुया आणि मशीन आणलं आणि बेबीनंदाला रजिस्टर घेऊन शेजारी बसवलं.

“चला, एकेक करून या.”

खोलीत मग बाजारासारखा गलका झाला. कुणी बोट मागे ओढत होती, कुणी दुसरीला चिडवत होती, “सासूला टोचून बोलतीस तवा दुखत न्हाई का?” म्हणून. साडेपाच वाजता शेवटी हिरव्या लुगड्याची मावशी उरली. नाव चांगुणाबाई. पहिली आलेली ती, पण प्रत्येकीला पुढे जाऊ देत बसली होती. तिचा हिमोग्लोबिनचा आकडा बघून शीतलचा चेहरा उतरला.

“मावशी, सात आहे. सकाळपासून काय खाल्लं?”

“पौषातला ऐतवार हाय, बाई. कहाणी सांगितल्याबिगर तोंडात काय घालत न्हाई.”

“मग सांगून मोकळं व्हायचं ना सकाळीच.”

“सांगू कुणाला? ऐकणारं बी उपाशी लागतं. शेजारणी सकाळीच चहा-खारी खाऊन बसतेत. मागल्या ऐतवारी शेळीला सांगितली.” चांगुणाबाई हसली. “तिनं बी मधीच पाला ओढला.”

“घरी कुणी नाही?”

“लेक व्हता, सर्जेराव. मुकादमासंगं सुरतंला गेल्ता. आधी फोन यायचा, मंग नंबरच बंद झाला. येईल.” हे सगळं तिनं पदराचं टोक सारखं करत, वाटेतल्या खड्ड्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. मग एकदम वर पाहून म्हणाली, “तुमी जेवल्या का आज?”

“नाही. राहूनच गेलं.”

“मंग बसा खाली. देवानंच धाडलं तुमाला. फकस्त हुंकार द्या मधी मधी, न्हाईतर मला वाटंल निजल्या.”

शीतल मांडी घालून बसली आणि बेबीनंदा रजिस्टर मिटून भिंतीला टेकली. चांगुणाबाई डोळे मिटून सांगू लागली. गरिबाच्या दोन लेकी, सूर्याचा वसा, उतणं, मातणं, वसा टाकणं आणि पुन्हा घेणं. आवाज मऊ, पण शब्द असे एकामागून एक बसलेले की कुठं बोट शिरू नये. शीतल हुंकार देत होती. देता देता तिच्या लक्षात आलं की चार महिन्यांत पहिल्यांदाच ती कुणाबरोबर बसून एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होती.

कहाणी संपल्यावर चांगुणाबाईनं सूर्याला हात जोडले, शीतलच्या डब्यातलं केळं खाल्लं आणि लोहाची गोळी मुकाट्यानं गिळली. तोंड पुसत म्हणाली, “आता तुमची सांगा.”

“माझी कसली?”

“ही बेबी म्हणती, बोर्डावर तुमी दुसरंच कायतरी लिवलं व्हतं. कायतरी गोष्टीचंच असंल. खुर्च्या मांडल्यात, खायला केलंय.”

शीतल आधी लाजली. मग सांगायला लागली आणि बघता बघता तिचे हात हलू लागले. सायो, नदी, पूर, भाऊ. “आणि प्रत्येक घाट सोडताना ती नावेच्या कडेवर टिचकी मारते, मावशी. म्हणजे भाऊ आसपास असेल तर त्याला कळावं. त्यांच्या लहानपणीची खूण असते ती. अशी...”

तिनं फरशीवर टिचकी मारायच्या आतच दारातून आवाज आला. टक-टक. जरा थांबून, टक.

शीतल गर्रकन वळली. दाराच्या चौकटीला एक चाळिशीचा गडी टेकला होता. गळ्यात गमछा, हातात मोटारसायकलची किल्ली, आणि चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा.

“मी धर्मराज, मॅडम. वाटूरला माझं मंडप-डेकोरेशन हाय. बुधवारी डोळ्याच्या कॅम्पच्या खुर्च्या न्यायला आल्तो, तवा तुमचा बोर्ड वाचला. तवा तिथं बराबर लिवलेलं व्हतं.” त्यानं बेबीनंदाकडे तिरकं पाहिलं. “आज आलो तर समद्या बायका बोटं धरून बसलेल्या. चारपासून बाहेर हाय. म्हणलं, आत जावं तर आपलं बी रगत काढतेत.”

“तुम्ही सायो बघता?” शीतलचा आवाज तिलाच ओळखू येईना.

“हिंदीतली. लग्नसराईत मंडप टाकला की नवरी येईपर्यंत काम नसतं. जनरेटरमागं बसून बघतो. पोरं म्हणतेत, धर्माभाऊ, कार्टून काय बघता. त्यांना काय सांगावं?” तो आत आला, खुर्ची सोडून खालीच बसला. “मॅडम, ती धुक्याच्या घाटावरची म्हातारी, ती सायोची आईच ना?”

“आईच! मी केव्हापासून म्हणते. नाशिकचे सगळे मला वेड्यात काढतात.”

“तिच्या कंदिलावर सायोच्या दिव्यासारखीच गाठ हाय.”

“डाव्या बाजूला.”

“डाव्याच.”

चांगुणाबाई एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. “तुमी काय एका गावचे?” तिनं विचारलं, आणि शीतल इतकी हसली की बेबीनंदाही हसत सुटली.

शेवटचा भाग हिंदीत यायला सहा महिने तरी लागणार होते. धर्मराजला इंग्रजी अक्षरं पळत्या पडद्यावर वाचता येत नसत. शीतल म्हणाली, मी वाचून मराठीत सांगेन. धर्मराज म्हणाला, मंग पडदा माझा. आणि जाता जाता तो जे बोलला, त्यानं शीतलला नीट झोप लागली नाही. “परतूरला कॉलेजची दोन-तीन लेकरं हायत. आन् अंबड डेपोच्या कंडक्टर हायत, दैवशालाबाई. तिकिटाच्या मशीनला सायोचं चित्र लावलेलं बघितलंय मी. विचारायला लाज वाटली. त्यांना बी वाटत असंल, आपण एकट्याच.”

तो आठवडा शीतलनं कसा काढला, तिचं तिलाच ठाऊक. रक्ताच्या बाटल्यांवर नावं लिहितानाही ती गुणगुणत होती. गुरुवारी मीनाचा फोन आला.

“रविवारी व्हिडिओवर ये गं. तुझ्यासाठी फोन मधोमध ठेवते.”

“नको गं. मला इकडे माणसं भेटलीत.”

“बरं झालं की,” मीना म्हणाली. “मग तुझ्या जागेवर या वेळी उशी ठेवते.” दोघी हसल्या. फोन ठेवून शीतलनं चिवड्यासाठी पोहे चाळायला घेतले.

रविवारी धर्मराजनं खोलीच्या भिंतीवर लग्नातला पांढरा कापडी पडदा ताणला, प्रोजेक्टर लावला आणि स्पीकर असा आणला की दवाखान्यातल्या रुग्णांसाठी तो निम्म्यावर ठेवावा लागला. परतूरची मुलं हरभऱ्याचे ढाळे घेऊन आली. दैवशालाबाई ड्यूटी संपवून खाकी कपड्यांवरच आल्या आणि दारातच म्हणाल्या, “शेवट कुणी सांगितला तर मधल्या स्टॉपवर उतरवीन.” बोर्डावर बेबीनंदानं यावेळी दोन्ही लिहिलं होतं, अ‍ॅनिमे आणि अ‍ॅनिमिया, त्यामुळे आधी सगळ्यांचीच बोटं टोचून झाली. धर्मराजनं डोळे मिटून घेतले होते.

चांगुणाबाईनं तेवढ्यात सगळ्यांसमोर आपली कहाणी सांगून केळं खाल्लं. शीतल तिच्यासाठी मुद्दाम उपाशी राहिली होती, आणि आज हुंकार द्यायला खोलीभर माणसं होती. मग पडदा उजळला, तशी तिनं कमरेच्या पिशवीतून तांदूळ काढले आणि प्रत्येकाच्या तळहातावर चार-चार दाणे ठेवले.

“हे कशाला, मावशी?” परतूरच्या पायलनं विचारलं.

“कहाणी ऐकताना हातात अक्षता धरतेत. सरली की वाहायच्या. तुमची बी कहाणीच हाय ना?”

कुणी नाही म्हटलं नाही. मुठी मिटल्या. शीतल पडद्याच्या बाजूला माइक घेऊन उभी राहिली. सायोच्या तोंडी जे येई ते ती मराठीत सांगत गेली. पहिल्यांदा अडखळत, मग जणू ते तिचंच बोलणं असावं तसं. खोलीत कुणी ढाळेसुद्धा सोलत नव्हतं.

नदी संपली. पुढे समुद्र. सायोनं शेवटचा दिवा नावेत ठेवला, नाव मोकळी सोडून दिली आणि वाळूतून पायी माघारी निघाली. भाऊ कुठंच नव्हता. पडदा काळा झाला आणि खाली नावं सरकू लागली.

आणि मग जो कल्ला उठला! पायल म्हणाली, भाऊ मेला, स्पष्ट दाखवलंय. दैवशालाबाई म्हणाल्या, वाळूत पावलं दोघांची होती, मी मोजली. धर्मराज म्हणाला, पावलं त्या म्हातारीची. शीतल माइक हातात तसाच ठेवून भांडत होती, तिचा आवाज साऱ्या दवाखान्यात घुमत होता, आणि तिला त्याचं भानही नव्हतं. नऊ वर्षांची गोष्ट संपली होती आणि तिला रडू आलं नव्हतं. भांडायला माणसं होती.

हळूहळू एकेकानं पडद्यापाशी जाऊन अक्षता वाहिल्या. धर्मराजनं तर डोकंही टेकवलं. पडदा गुंडाळायची वेळ आली, तशी बेबीनंदा म्हणाली, “मावशे, तुझ्या ऱ्हायल्या. वाह की.”

चांगुणाबाई जागची हलली नव्हती. “कहाणी सरल्यावर वाहतेत.”

“सरली ना आता.”

“कुठं सरली? ते लेकरू आलं का घरी?”

शीतल तिच्याजवळ खाली बसली. “मावशी, हा शेवटचाच भाग होता. यापुढे काही नाही.”

“त्यांनी सांगायची थांबवली असंल,” चांगुणाबाई शांतपणे म्हणाली. “पर मी धरून राह्यते.”

ती भिंतीचा आधार घेत उठली. पायलनं हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. उजवी मूठ छातीशी धरून ती पायऱ्या उतरली, डाव्या हातात गोळ्यांची पुडी. दवाखान्याचं फाटक लोटलेलं होतं. दोन्ही हात अडकलेले म्हणून तिनं ते कोपरानं ढकललं, बाहेर पडली, आणि पुन्हा कोपरानंच, आवाज होऊ न देता, मागे लावून घेतलं.