आपसूक उगवलेलं नाही

निरोप समारंभात संस्थेचे सचिव काकासाहेब बोलायला उठले आणि करुणा मॅडमना कळलं, आता तो शब्द येणार. उभी हयात संस्थेच्या कॉलेजात भूगोल शिकवून त्या आज निवृत्त होत होत्या. रुजू झाल्या तेव्हाही काकासाहेबांनी तोच शब्द वापरला होता, पीएचडी मिळाली तेव्हाही.

"करुणा मॅडम म्हणजे रानफूल! ना कुणी खत घातलं, ना पाणी. बिडकीनच्या माळावर आपसूक उमललेलं रानफूल!"

टाळ्या पडल्या. मॅडमना रागसुद्धा आला नाही; रागवायलाही अंगात बळ लागतं. गळ्यातला हार तेवढा जड वाटत होता. पहिल्या रांगेत त्यांची आई, कडूबाई, सगळे वाजवतायत म्हणून टाळ्या वाजवत होती. तिला नीट ऐकू येत नसे.

ते बघून मात्र मॅडमना राहवलं नाही. बोलायची पाळी आली तेव्हा लिहून आणलेलं भाषण त्यांनी पर्समध्येच राहू दिलं.

"साहेब प्रेमानं म्हणतात, मला ठाऊक आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण मी आपसूक नाही उगवले. ही माझी आई सिडकोच्या बांधकामांवर विटा वाहायची. माझा भाऊ पुंडलिक माझ्याहून हुशार. मी शिकावं म्हणून त्यानं सातवीत शाळा सोडली. मला पाणी घालणारी माणसं होती. एवढंच."

सगळे कडूबाईकडे वळून बघायला लागले. त्या खाली उतरल्यावर काकासाहेब जवळ आले. "मॅडम, मी चांगल्या मनानंच म्हणालो हो."

"हो, साहेब." समजावत बसायचं त्राण नव्हतं.

रिक्षात आईनं विचारलं, "काय बोललीस गं? समदे माझ्याकडंच बघाय लागले."

मॅडमनी तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. कडूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"विटांचं कशाला काढलंस चार लोकांत?" मग म्हणाली, "पुंडलिकचं नाव घेतलंस, ते बरं केलंस. त्याचं कुणी काढतच नाय."

"आई, लई दमले गं."

"व्हय, दिसतंय. घरी गेल्यावर भात टाकते मी."

एरवी मॅडमनी तिला या वयात गॅसपाशी फिरकू दिलं नसतं. आज "टाक" म्हणाल्या आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं.