अर्धा आटा जास्त

कडेगावपासून पलूसपर्यंत उसाची ट्रॉली म्हटलं की लोक आदगोंडा मिस्त्रींचं नाव घ्यायचे, आणि मिस्त्रींनाही ते ऐकायला फार आवडायचं. चाळीस वर्षांत त्यांनी आवळलेला एक बोल्ट कधी रस्त्यात सुटला नव्हता. त्यांची रीत साधी होती. पाना थांबला की त्याच्या दांड्यात पाइप अडकवायचा आणि अंगाचा भार टाकून अजून अर्धा आटा पिळायचा. ट्रॉलीला ते मानवत होतं.

पण आज कुंडलच्या त्यांच्या शेडमध्ये ट्रॉली नव्हती, कॅम्पर व्हॅन होती. साध्या व्हॅनमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून त्यांची लेक कीर्ती हिनं चाकांवरचं घर उभं केलं होतं. तिचं हे पहिलंच काम. साताऱ्याचे वरद आणि अपूर्वा हे नवरा-बायको चार वाजता गाडी न्यायला येणार होते. राहिलं होतं ते टपावरचं: तंबू बसवायला तीन आडव्या दांड्या. दांडीचे दोन्ही पाय छताच्या कडेच्या पन्हळीला पकडायचे, बोल्ट आवळायचा आणि वर टोपण दाबून किल्लीनं कुलूप लावायचं.

कीर्तीकडे नवा पाना होता, ठरलेला जोर झाला की 'कट्' वाजणारा. टेपनं मापं घेत तिनं सहाही पाय आवळले. मिस्त्री खुर्चीत बसून चुळबुळत होते. कट् वाजलं की पोरगी थांबते म्हणजे काय! उद्या घाटात दांडी उडाली तर? शेवटी बापाचंच काळीज. ती जेवायला घरात गेली तसे ते स्टुलावर चढले आणि मागच्या दांडीच्या एका पायाचा बोल्ट पान्याला पाइप लावून अर्धा आटा पिळून मोकळे झाले. कुर्रर्र आवाज आला. आता कसं बसलं, म्हणून ते खूश झाले.

चार वाजता वरद-अपूर्वा आले. त्यांच्यासमोर कीर्तीनं एकेक टोपण लावून किल्ली फिरवली. पाच कुलपं लागली. सहावं टोपण काही केल्या बसेना. पाय तिरका झाला होता.

वरदनं बायकोकडे पाहिलं. "ताई, राग मानू नका," तो म्हणाला, "पण वर तंबूत आम्ही दोघं झोपणार. तुमचं पहिलंच काम आहे. दांड्या आम्ही पुण्यात बसवून घेऊ का?"

कीर्तीचा चेहरा उतरला. "माझंच माप चुकलं असंल," ती पुटपुटली.

मिस्त्री गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण लेकीचं ते वाक्य त्यांना सहन झालं नाही. मान खाली घालून हात पुसणारी कीर्ती त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"तिचं माप चुकलं न्हाई," ते मोठ्यानं म्हणाले. "मी पाइप लावून पिळलाय त्यो."

"अण्णा! कवा?"

"तू जेवाय गेलीस तवा. चूक माजी हाय, कीर्ती. तुजं काम लय चोख हाय."

कीर्ती पाना घेऊन स्टुलावर चढली. तिनं बोल्ट सैल केला. पन्हळीची कड दबली होती. "अण्णा, ही कड तुमीच सरळ करा. माज्या हातनं रंग उडंल."

मिस्त्रींनी मागं लाकडी ठोकळा धरला आणि लाकडी हातोडीनं हलके हलके ठोकून दहा मिनिटांत कड जागेवर आणली. रंगाचा टवकाही उडाला नाही. मग ते बाजूला झाले आणि हात मागं बांधून उभे राहिले, न जाणो पुन्हा शिवशिवले तर!

कीर्तीनं पाय बसवला, माप पाहिलं, बोल्ट आवळला. कट्. ती थांबली. टोपण बसलं, किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरली. वरदनं दांडीला लोंबकळून गदागदा हिसके दिले. अख्खी व्हॅन डुलली, दांडी तसूभर हलली नाही. अपूर्वा हसून म्हणाली, "आता पुणं कशाला?"

मिस्त्रींचा ऊर भरून आला. एवढा अभिमान त्यांना स्वतःच्या कुठल्याच ट्रॉलीचा वाटला नव्हता.

निघताना वरद सवयीनं त्यांच्याकडेच वळला. "मिस्त्री, हे बोल्ट पुन्हा कधी तपासायचे?"

"मला काय इचारताय?" आदगोंडा म्हणाले आणि लेकीकडे हात केला. "मिस्त्री त्या हायेत."

कीर्ती सांगू लागली, आणि तेही गिऱ्हाइकांशेजारी उभे राहून कान देऊन ऐकू लागले.