मळीच्या टाकीवरचे आबासाहेब

ऊसच नाही म्हटल्यावर सहकारी कारखाना काय धूर काढणार, कपाळ! दोन हंगाम चिमणी गार होती आणि वडवणीच्या अलीकडे कारखान्याच्या मैदानात जनावरांची छावणी बसली होती. चेअरमन सुंदररावांनी डोकं चालवलं. मळीची रिकामी टाकी धुवून घेतली. तिच्यात टँकरचं पाणी साठवायचं, म्हणजे जनावरं तहानेनं हंबरणार नाहीत. पत्रा तेवढा तपासायला बीडहून राधाकिशनला बोलावलं.

राधाकिशन इथलाच. त्याची माय बायनाबाई दोन बैल घेऊन याच छावणीत होती. टाकी पास झाली तर बैल दावणीला राहणार, नाहीतर विकावे लागणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

मशीन तळहाताएवढं. पत्र्यावर जेल लावून बटणासारखा प्रोब टेकवायचा. आवाज लोखंडात शिरतो, पलीकडच्या कडेवर आपटून परत येतो, त्यावरून जाडी कळते. आठ मिलिमीटरचा पत्रा सगळीकडे सात-साडेसात भरला. राहिली समोरची बाजू. तिथं कारखाना काढणाऱ्या आबासाहेबांचं उभं चित्र होतं, पाय थेट बुडाशी. पायांवर आकडा आला नऊ!

जुना पत्रा वाढतो कसा, लेकाच्या? दर पुण्यतिथीला चित्रावर नवा रंग चढे. मशीन तो रंगही मोजत होतं. राधाकिशननं रंग खरवडायला पातं काढलं.

"काय बे, आबासाहेबांच्या पायाला पातं लावतो?" सुंदरराव तडकले.

"लावावंच लागल, साहेब. न्हाईतर मी पास करत न्हाई."

खरवडल्यावर रंगाच्या खपल्यांमागून लाल भुगा गळाला. आकडा दीडवर आला. असं का झालं, ते राधाकिशनला तिथंच उमगलं. ज्यांनी नवऱ्याला नोकरी लावली, त्या आबासाहेबांच्या पायांवर तांब्याभर पाणी घातल्याशिवाय त्याची माय तोंडात घास घालत नसे. वीस वर्षांचा नेम. दुष्काळातही वाट्याच्या पाण्यातून तिनं तो मोडला नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पत्रा सडलाय," तो एवढंच म्हणाला. "पाणी भरता येणार न्हाई."

"अर्धी भरू की!"

"सडलंय बुडाशी. अर्ध्यानं बी फुटंल, आन् समोरच जनावरं बांधलीत."

मग काय, छावणी पेटलीच. मशीन खोटं हाय, बीडला जाऊन लई शहाणा झालाय, गावाच्या तोंडचं पाणी पळवतोय! ज्याच्या तोंडाला जे आलं ते तो बोलला.

बायनाबाई गर्दीतून पुढं आली. "कावून सडला रं?"

"जुना हाय, माय."

"बाकीचा बी तेवढाच जुना हाय की."

ती चित्राच्या पायांपाशी वाकली, ओल्या गंजावरून बोट फिरवलं, बराच वेळ. मग त्याच्या पिशवीतला टोकदार हातोडा घेऊन तिनं नेमका तिथंच हाणला. दोन घाव वाया गेले. तिसऱ्याला टोक आरपार गेलं.

"त्याला कावून शिव्या देता?" ती लोकांना म्हणाली. "रोज पाणी म्या घातलंय. ह्यो पत्रा म्या सडवला."

तिनं जाऊन बैल सोडले. राधाकिशननं एकाचं दावं हातात घेतलं आणि तो तिच्यामागं बाजाराच्या वाटेला लागला.