सकाळच्या दोन गोळ्या

मशीनने "जंतू नाहीत" असा निकाल दिला आणि ताईने माझ्याकडे अशी नजर रोखली, की माझ्या तोंडाला कुलूपच!

सातवा महिना, एकशे तीन ताप, लघवीला आग, आणि उजव्या कुशीत अशी कळ की ती खुर्चीत वाकडी बसली होती. पण नजर शाबूत.

डॉक्टरबाई कागद उलटसुलट करत होत्या. "लक्षणं सगळी लघवीच्या इन्फेक्शनची, आणि नमुना स्वच्छ. मग ताप दुसऱ्या कशाचा तरी असणार. शोधावं लागेल."

"शोधा, पण लवकर हो," आई म्हणाली. "पोरीचे दात वाजतायत."

दुसरं शोधण्यात दिवस जाणार होता, आणि खरं काय ते मला माहीत होतं. गेल्या महिन्यात याच त्रासावर डॉक्टरबाईंनी सात दिवसांचा कोर्स दिला होता. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं आणि ताईसाहेबांनी तो गुंडाळला. आज सकाळी उशीच्या अभ्र्यातून त्याच गोळ्या काढून दोन गिळल्या. "सांगितलंस तर बाळाची शपथ! डॉक्टरबाई मला फाडून खातील."

बाळाची शपथ. गेल्याच आठवड्यात अख्ख्या शाळेसमोर माईकवर बोलले होते. आता मी ताईकडे पाठ केली आणि बोलून टाकलं.

"डॉक्टर, तिने उरलेल्या गोळ्या खाल्ल्यात. दोन. इथे नमुना द्यायच्या आधी."

"अगं ए भवाने! शपथ घातली होती ना?"

"बाळासाठीच मोडली!"

आईने कपाळावर हात मारला. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "म्हणजे गोळ्यांनी जंतू नुसते दबलेत. आता गोळ्यांआधीचा नमुना कुठून आणू मी?"

"आमच्या फ्रीजमध्ये आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तिने पहाटेच घेतला होता, तुम्ही गेल्या महिन्यात दिलेल्या कोऱ्या बाटलीत. दवाखाना बंद होता म्हणून मी ठेवला."

"दुधाशेजारी?" आईचा आवाज चिरकला.

"खालच्या कप्प्यात! पिशवीत गुंडाळून!"

"मला वाटलं, शिळा चालत नाही," ताई पुटपुटली.

"गार ठेवलेला चालतो. पळ!" डॉक्टरबाई म्हणाल्या.

सायकल अशी हाणली की चेन पडायचीच बाकी होती. बाटली बर्फासकट डब्यात घालून आणली. लॅबवाल्या काकांनी ती मशीनला लावली. आत वेगवेगळ्या औषधांचे इवलेसे कप्पे. जंतू कुठल्या कप्प्यात वाढायचे थांबतात, ते पाऊण तासात कळणार होतं. पाऊण तास! ताई भिंतीकडे तोंड करून कुडकुडत होती. मी हात धरायला गेले, तिने झिडकारला. शपथेला खरंच काही अर्थ असेल तर? मी घड्याळाचे काटे मोजत बसले.

मशीन वाजलं.

"हे बघा, जंतूच जंतू," काका म्हणाले. "तिच्या त्या गोळ्यांनी नुसते दबतात, मरत नाहीत. तिसऱ्या कप्प्यात मात्र सपाट!"

"हे औषध बाळालाही चालतं," म्हणत डॉक्टरबाई इंजेक्शन भरायला लागल्यासुद्धा. "आज इथेच राहायचं. नंतर गोळ्या, शेवटचीपर्यंत. आणि लक्ष ही धाकटी ठेवेल."

"घ्या! आता जेलर नेमला," ताई म्हणाली. सुई टोचताना तिने डोळे मिटले आणि माझं मनगट इतकं घट्ट आवळलं, की मीच ओरडले.