राखेची डबी

"अर्धा ताणा सोडून निघालीस कुठं?" मारुतीराव कारखान्याच्या दारातच आडवे उभे राहिले.

मालुबाईच्या चिमटीत अजून राख होती. राखेच्या बोटांनी जुन्या ताण्याचं टोक नव्याशी पिळायचं, म्हणजे माग पुढं चालतो. एका ताण्याला अशी दोन हजार टोकं. वडगावात घरोघर फिरून ही सांधणी तिनं वीस वर्षं केली. लढाईत सूत मिळेनासं झालं, घरचे माग थंडावले, तेव्हा दोन महिन्यांमागं मारुतीरावांनी तिला आपल्या बारा मागांसाठी पगारावर ठेवलं. शेजारणींनी तिला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. अट एकच: दुसऱ्याच्या मागाला हात लावायचा नाही. गल्लीतल्या बिचाऱ्या जयाबाईला कसंबसं सूत मिळालं, तर तिचा एकुलता माग आता सांधणीवाचून उभा होता.

आज जावई काकतीहून बैलगाडी घेऊन आला होता. अक्काताईला कळा सुरू झाल्या होत्या आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं.

"लेकीचं तिसरं बाळंतपण हाय, मालक. चार दिसांची रजा द्या."

"तिसरं म्हणजे सवयीचं की! त्यात काय एवढं?"

"तुमच्या घरात तिसरं झालं, तवा तुमी उंबऱ्यावर बसून रडलता. च्या मीच करून दिल्ता."

खटखटणारे माग एकदम थांबले. कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं.

"गेलीस तर परत यायचं न्हाय!"

मालुबाईनं दाराबाहेरच्या गाडीकडं पाहिलं. पगार गेला तर पुढं काय? पण वीस वर्षांत 'जाऊ का?' असं तिनं कुणाला विचारलंच नव्हतं. दोनच महिन्यांत ही सवय कुठून लागली?

ती मागाकडं वळली. मारुतीरावांना वाटलं, बाई जागेवर आली. तिनं उरलेल्या टोकांच्या भराभर जुड्या बांधल्या.

"सूत तुमचं, पर गुंता माझ्या नावावर नको," म्हणाली आणि राखेची डबी कमरेला खोचून गाडीत बसली.

वाटेत जयाबाई दारात उभी होती. "मालाक्का, माझा माग गं?"

"बारसं उरकून येते. थांबंल त्यो."

दिवे लागायच्या आत काकतीत नात झाली. अक्काताईनं थकल्या आवाजात विचारलं, "आये, रजा किती दिसांची काढलीस?"

"कुणाकडनं काढू गं?" मालुबाई हसली. तिनं डबी उघडली आणि सांधणीच्या राखेचं बोट नातीच्या कपाळाला टेकवलं.