चोराची चिठ्ठी

अयूबच्या घरात गुपित असं काही नसायचंच. कपाटाची किल्ली दाराच्या चौकटीवर आणि लेकीच्या, झाराच्या ई-मेलचा पासवर्ड सगळ्यांच्या तोंडी. अयूबच्या होडीचं नाव 'मेहेरबान', तोच पासवर्ड ठेवलेला. कुणी विसरायला नको! २००४ साली झारा रत्नागिरीच्या सायबर कॅफेत जाऊन मस्कतच्या झुबेरला पत्रं लिहायची. साखरपुडा झाला होता, ईदनंतर निकाह ठरला होता.

आणि एके दिवशी झाराच्या ई-मेलवरून झुबेरला पत्र गेलं, "माझं मन दुसरीकडे आहे. घरचे जबरदस्ती करतायत." झुबेरच्या घरच्यांनी सोयरीक मोडली.

"मी नाय लिहिलंय गो अम्मी!" झारा रडून रडून सांगत होती.

"मग काय भुताने लिहिलंन?" शरीफाने लेकीच्या कानाखाली वाजवली. चार लोकांत नाव खराब झालं, एवढंच त्या माउलीला दिसत होतं. तेव्हापासून झारा आईशी कामापुरतं बोलू लागली.

चारेक महिन्यांनी कॉम्प्युटर क्लासच्या शमिका मॅडम पासवर्ड कसे जपायचे ते सांगायला मोहल्ल्यात आल्या. झाराची हकीकत त्यांच्याही कानावर आली होती. भाषणाला बायका कशाला जमतायत! म्हणून त्यांनी चोर-शिपायाच्या चिठ्ठ्यांचा खेळ मांडला. प्रत्येकीने एक पासवर्ड मॅडमच्या कानात सांगायचा. जिला चोराची चिठ्ठी येईल, तिने शिपायाची चिठ्ठी आलेल्या बाईचा पासवर्ड तीन प्रयत्नांत ओळखायचा.

शरीफाला एकच पासवर्ड ठाऊक होता. तिने तोच सांगितला. शिपायाची चिठ्ठी तिलाच आली आणि चोराची आली जेटीवर मासळी विकणाऱ्या हौसाला.

"त्यात काय वळखायचाय?" हौसा म्हणाली. "मेहेरबान!"

बायका खदखदून हसल्या. शरीफाच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुला कुणी सांगितलंन?"

"सांगायला कशाला पायजे? तुमची होडी अख्ख्या जेटीला ठावं हाय."

"म्हणजे ते पत्र..."

"कुणीही लिहिलं असेल, चाची," शमिका म्हणाली. "कॉम्प्युटर माणसाचं तोंड बघत नाही. शब्द जुळला की झालं. शब्द तुम्ही साऱ्या गावाला दिलात आणि आळ मात्र पोरीवर घेतलात. पोलिसांत तक्रार करू, मी येते बरोबर. पण आधी झाराकडे जा."

या अल्लाह! शरीफा ओढणी सावरत घराकडे धावली. झारा पडवीत तांदूळ निवडत होती.

"माफ कर गो बाय. मी लोकांचं ऐकलं, तुझं नाय ऐकलं."

झाराने मान वर केली नाही. "त्याचं लग्न झालं अम्मी, गेल्या जुम्म्याला. त्याचंही एवढं नाय वाटत. तू एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेवायचा होतास."

शरीफा तिथेच बसून हमसून हमसून रडली.

पुढे ती शमिकाबरोबर गावोगाव तो खेळ घेऊन जाऊ लागली. खेळ संपला की स्वतःची चूक सांगायची. "पासवर्ड घरातसुद्धा कुणाला सांगू नका. आणि घात झालाच, तर आपल्याच लेकराला चोर ठरवू नका!"

मंडळी, एवढं तरी आपण शिकूया. पासवर्ड मिनिटभरात बदलता येतो. लेकीच्या मनातून उतरलेली शरीफा मात्र अजून तिच्या मायेच्या एका हाकेची वाट बघते आहे.