दिवेवाली कशी मेली

एक्केचाळीस चुका. त्याही साध्यासुध्या नव्हेत, मेलेली माणसं उठून चालायला लागली होती. मी पेन्सिल टेबलावर आपटली आणि संपादकांना म्हटलं, "लेखकरावांना आपण सगळे मूर्ख वाटतो बहुतेक."

"छापखान्याची तारीख सोमवारची आहे," संपादक म्हणाले. "काय ते आजच निस्तरा." त्यांनी स्वतः हस्तलिखित उघडूनही पाहिलं नव्हतं. 'सात पुलांचं राज्य' या मालिकेचा हा शेवटचा भाग. वाचक पाच वर्षं डोळे लावून बसलेत म्हटल्यावर वाचायची गरज त्यांना कशाला वाटेल?

मी मुद्रितशोधक. मालिकेचे सहाही भाग माझ्या हाताखालून गेलेत. लोकांना ती एवढी का आवडते, यावरून आमच्या ऑफिसात दर भागाला भांडण होतं. विक्रीवाला म्हणतो, मुखपृष्ठामुळे. संपादक म्हणतात, तलवारी आणि जादू. मी म्हणते, डोंबलाची जादू! पहिल्या पुलापासून दुसऱ्यापर्यंत घोड्याला चार दिवस लागतात आणि सहाही भागांत ते चारच लागतात, म्हणून वाचक बोलणाऱ्या नदीवरसुद्धा विश्वास ठेवतो. मोठी थाप गळी उतरवायची तर बारीकसारीक गोष्टी खऱ्या लागतात. त्यासाठी मी एक जाडजूड वही ठेवलीय. कुणाचे डोळे कसले, कुणाचा कुठला हात तुटला, कोण कुठल्या पानावर मेलं, सगळं त्यात. लेखकराव मला फौजदारबाई म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तर यादी पर्समध्ये टाकली, हस्तलिखित काखेत मारलं आणि थेट त्यांच्या घरी जाऊन धडकले. फोन करून उपयोग नव्हता. दोन वर्षं फोन वहिनीच उचलत आणि "ते लिहितायत" म्हणून ठेवून देत. प्रसिद्धी डोक्यात गेली, असं मी धरून चालले होते.

दार त्यांनीच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, मागे टेबलावर टोक काढलेल्या पेन्सिलींची रांग. "या, बसा ना. ही औषधं आणायला गेलीय, येईलच." 'फौजदारबाई' अशी हाक मात्र मारली नाही. मी कशाला आलेय ते कळलंय यांना, असं मला वाटलं.

मी बसले नाही. उभ्या उभ्याच तोफ डागली.

"पाचव्या पुलाच्या पहारेकऱ्याचा डावा हात तिसऱ्या भागात तुटलाय. इथे तो दोन्ही हातांनी दोर ओढतोय."

"अरेरे," ते म्हणाले. "तुटला का? बिचारा."

"राजाचा घोडा चार दिवसांची वाट एका सकाळीत पार करतो."

"चांगला दिसतोय घोडा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चेष्टा करत होते माझी! "आणि ही दिवेवाली! चौथ्या भागात, पान तीनशे बारावर मेलेली बाई इथे तिसऱ्याच पानावर कंदील घेऊन येते. हे काय चाललंय?"

दिवेवाली म्हणजे पुलावरचे दिवे लावणारी एक फटकळ बाई. ना राणी, ना चेटकीण. राजालासुद्धा "पाय पुसून ये" म्हणणारी.

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मेली? कशी?"

"कशी म्हणजे? चौथा पूल कोसळला. मागची माणसं वाचावीत म्हणून तिनं स्वतःच्या कमरेचा दोर सोडला."

ते टेबलाचा आधार घेत खुर्चीत बसले. ओठ पांढरे पडले होते. "एकटीच होती? कुणी हात नाही दिला तिला?"

"नाही दिला."

"कोणी होऊ दिलं हे?"

"कोणी काय? तुम्ही!" मी ओरडले. "तुम्हीच मारलीत तिला!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खुनाचा खोटा आळ आलेला माणूस पाहील तसं. "मी?" "अहो, मी तिला कशाला मारीन?"

आणि ते रडायला लागले. मोठ्यानं, तोंड न झाकता, नुकतीच कुणाच्या तरी मरणाची बातमी आल्यासारखे. मी थिजले. हातातली यादी खाली ठेवायचंही मला सुचेना. एकोणीस वर्षं ओळखते मी या माणसाला. आता मला लख्ख दिसत होतं की ते मला ओळखत नव्हते.

वहिनी औषधांची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं.

"सांगितलंत ना तिचं?" त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "चौथा भाग मी घरातून काढून टाकलाय. कळलं की दर वेळी त्यांना पहिल्यांदाच कळतं."

"वहिनी, मला काहीच... मग हे लिहिलं कोणी?"

"त्यांनीच. रोज सकाळी बसतात सवयीनं. आदल्या दिवशीचं आठवत नाही, पण गोष्टीतली ती माणसं येतात त्यांच्याकडे. सगळी येतात." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "शेवटचा भाग हातात घ्यायचाय त्यांना, एवढंच उरलंय. दुरुस्त्या तुम्हीच करा ना गुपचूप. कुणाला कळायला नको. लोक हसतील हो."

कळायला नको, हे खरं होतं. पण दुरुस्ती करायची म्हणजे तिसऱ्या पानावर त्या बाईला पुन्हा खोडायचं, आणि ते छापून याच माणसाच्या हातात द्यायचं.

तिकडे त्यांनी बाहीनं डोळे पुसले होते. "नालायक आहे ज्यानं कुणी लिहिलंय तो," ते म्हणाले. "भेटला पाहिजे एकदा." मग जरा वेळानं, खुर्ची माझ्याकडे ओढत, "ती मागची माणसं? पोचली का पलीकडे?"

"पोचली."

"मग पुढे काय झालं?"

माझा विश्वास बसेना. गालावर पाणी तसंच, आणि पुढे काय झालं! इतकी वर्षं मी घोड्याचे दिवस मोजत बसले. या माणसाला घोडा आठवत नव्हता, पूल आठवत नव्हते, स्वतःचं नाव मुखपृष्ठावर आहे हेही आठवत नव्हतं. आणि तरी एका दिवेवालीसाठी जीव तुटत होता त्याचा, पुढचं ऐकायचंच होतं त्याला. तलवारी, जादू, माझी वही, कशाचाच इथे संबंध नव्हता. मला माझीच लाज वाटली.

पर्समधला फोन वाजला. ऑफिसचा. मी तो बंद केला आणि हस्तलिखित मांडीवर घेऊन बसले.

"पुढचा भाग आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "वाचू?"

पहिली दोन पानं ते अंग चोरून, श्वास रोखून ऐकत होते. तिसऱ्यावर मी थांबले नाही, वाचत गेले. धुक्यात कंदील हलतो, आणि बाई खेकसते, "कोण रे ते? वाटेत उभं राहायला पूल काय तुझ्या बापाचा आहे?"

ते ताडकन उठले. "ती आहे! अहो, तीच आहे ही!" मला वाटलं, पडतात आता. वहिनींनी धावत येऊन त्यांचा दंड धरला, तर त्यांनी वहिनींचाच हात घट्ट पकडला.

"ऐकलंस? जिवंत आहे ती. मी उगाच शिव्या दिल्या गं. लिहिणारा माणूस वाईट नाही."